येईस्तोर आणि ‘अंटिल’

जून महिन्यात परभणी जिल्ह्यात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: पाऊस पडत नाही तोपर्यंत पेरू नका. सेलूच्या बाजारात, जिंतूरच्या एसटी स्टँडवर, कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर तेच ऐकू येतं. हेच वाक्य इंग्रजीत करायला दिलं, की मुलांच्या वहीत पुन्हा पुन्हा उमटतं ते असं: ‘डू नॉट सो अंटिल इट डज नॉट रेन.’ त्यातलं दुसरं ‘नॉट’ इंग्रजीत बसत नाही. तरीही ते शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून पुण्यातल्या नोकरीच्या ईमेलपर्यंत माणसाची सोबत करतं. ही चूक किती मोठी मानायची, आणि ती घालवायची कशी, यावर दोन बाजू संभवतात. दोन्ही मी इथं एका घरात आणून बसवल्या आहेत. मामा जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. भाची परभणीत इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. दोघंही काल्पनिक आहेत. त्यांच्यातला मुद्दा खरा आहे.

मामा: हे वाक्य तू वहीत तसंच सोडलंस? लाल रेघ कुठंय?

भाची: नाही मारली. मामा, वाचून तुम्हाला कळलं ना पोराला काय म्हणायचंय? मलाही कळलं. आजवर तोंड न उघडलेलं पोरगं एक अख्खं वाक्य बोललं आणि मग ते त्यानं लिहून आणलं. पहिल्याच वाक्यावर काट मारली तर ते पुन्हा बोलणार नाही. असे गप्प झालेले पोरं मी खूप बघितलेत.

मामा: कळलं, कारण मी परभणीचा आहे. मी त्याचं इंग्रजी वाचलंच नाही, इंग्रजीखालचं मराठी वाचलं. मराठी न येणाऱ्या माणसाला हे वाक्य काय सांगतं ते बघ. ‘वेट अंटिल इट डज नॉट रेन’ याचा सरळ अर्थ, पाऊस थांबेपर्यंत थांबा. मग याच्या वाक्याचा अर्थ काय झाला? पाऊस उघडेपर्यंत पेरू नका, उघडला की पेरा. सल्ला बरोबर उलटा झाला.

भाची: कोरड्यात पेरा असं कोण सांगेल? वाचणारा संदर्भावरून दुरुस्त करून घेतो.

मामा: धूळपेरणी विसरलीस काय? मृगाच्या आधी कोरड्या मातीत कपाशी लावणारे लोक आपल्याकडं आहेत. कोरड्यात पेरा हा वेड्याचा सल्ला नाही, तो खराच कुणी देऊ शकतो. म्हणून तर इथं संदर्भ कामाला येत नाही. दोन्ही अर्थ शक्य असले की व्याकरणावरच भिस्त. आपल्या कृषी विद्यापीठाची शिफारस काय असते? 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. कामून? हलक्या सरीवर बी टाकलं, ते उगवून वर आलं, आणि मग पावसानं ताण दिला, तर कोंब जागेवर करपतात. दुबार पेरणी करावी लागते. बियाणं दुसऱ्यांदा, खत दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा. एका ‘नॉट’च्या जागेवर एवढं सगळं उभं आहे.

भाची: पण तो सल्ला मराठीतच येतो. कुणी शेतकरी इंग्रजी वाचून पेरत नाही.

मामा: तो वाचत नसेल, त्याचा मुलगा लिहितो. बियाण्याच्या कंपनीत लागलेला, विम्याच्या कामात असलेला, कृषी पदवी घेऊन हैदराबादला गेलेला. सल्ला वरून खाली मराठीत येतो, पण गावात काय झालं याचा अहवाल खालून वर बऱ्याचदा इंग्रजीत जातो. तो लिहिणारा हाच तुझा पोरगा असणार आहे.

भाची: बरं, हे मान्य. पण मग त्याला कारण सांगा. ‘अंटिलनंतर नॉट लावू नये’ एवढाच नियम पाठ करून घेतला, तर परीक्षेत तो आठवतो आणि बोलताना सुटतो. बोलताना डोक्यात मराठी असतं, आणि मराठीत ‘नाही’ आहे. ते ‘नाही’ तिथं उगाच आलंय का?

मामा: उगाच कसं येईल? ‘जोपर्यंत’ काळाचा अख्खा पट्टा दाखवतो. ‘जोपर्यंत पाऊस पडत नाही’, म्हणजे न पडलेल्या पावसाचे जेवढे दिवस असतील तेवढे सगळे. त्या दिवसांचं वर्णन करायचं तर ‘नाही’ म्हणावंच लागतं, कारण त्या दिवसांत पाऊस नाहीच. इंग्रजीतला ‘अंटिल’ त्या रानात फिरत नाही, रान जिथं संपतं त्या बांधाकडं बोट दाखवतो. बांधावर काय आहे? पाऊस. म्हणून ‘अंटिल इट रेन्स’. मराठी कोरड्या दिवसांकडं बघून बोलते, इंग्रजी पहिल्या पावसाकडं बघून. तर्क दोघींचाही पक्का आहे.

भाची: म्हणजे ‘जोपर्यंत’चं इंग्रजी ‘अंटिल’ नाहीच!

मामा: नाहीच. त्याच्या जवळचं इंग्रजी ‘ॲज लाँग ॲज’. ‘ॲज लाँग ॲज इट हॅज नॉट रेन्ड, डू नॉट सो.’ ‘नॉट’सकट चोख वाक्य आहे हे. पोरानं ‘नॉट’ लावला ते मराठीच्या हिशेबानं बरोबरच होतं. शब्द तेवढा दुसरा उचलला. आणि आणखी एक बघ. ‘जोपर्यंत पाऊस पडतोय तोपर्यंत फवारणी करू नका’ असं म्हणलीस, तर तिथं ‘नाही’ येत नाही. कारण पट्टाच आता पावसाचा आहे. तिथं ‘अंटिल इट रेन्स’ लिहिलं तर पुन्हा उलटा अर्थ. ‘व्हाइल इट इज रेनिंग’ म्हणावं लागतं.

भाची: हे ऐकल्यावर तर मला ती रेघ आणखीच नको वाटते. मामा, ही चूक निष्काळजीपणाची नाही, ती आपल्या भाषेशी इमान राखणारी आहे. आणि एकट्या मराठीची पण नाही. आपल्या गावातली उर्दू शाळेतली पोरं ‘जब तक बारिश नहीं होती’ म्हणतात, तीही इंग्रजीत तसंच लिहितात. रशियन भाषेत अशा ठिकाणी ‘पका’नंतर ‘न्ये’ म्हणजे नकार लागतो. इटालियनमध्ये ‘फिंके’सोबत ‘नॉन’ येतो. त्या देशांतल्या मुलांनाही इंग्रजी शिकताना हेच ‘नॉट’ आवरावं लागतं. मानवतच्या पोरानं यात खाली मान घालायची गरजच काय?

मामा: खाली मान कुणीच घालू नये. पण चुकीला मोठं कुळ आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही.

भाची: मी बरोबर म्हणत नाही. मी म्हणते, दुरुस्तीचा रस्ता पोरांच्या तोंडातच आहे. आजी काय म्हणायची, आठवा. ‘मी येईस्तोर दार लावू नको.’ ‘भाकरी होईस्तोर दम धर.’ तुमची आई कधी ‘जोपर्यंत मी येत नाही तोपर्यंत’ असं म्हणाली का?

मामा: घरात असं कोण बोलतं? नाही म्हणाली.

भाची: मग बघा, ‘येईस्तोर’मध्ये ‘नाही’ कुठंय? नाहीच. ‘येईस्तोर’ म्हणजे ‘अंटिल आय कम’. ‘पाऊस पडस्तोर’ म्हणजे ‘अंटिल इट रेन्स’. शेवटाकडं बोट दाखवणारा शब्द आपल्या घरात आधीपासून आहे. दुसरी गंमत बघा, पोरं ‘अंटिल ही विल कम’ लिहितात ना? ‘येईस्तोर’मध्ये ‘येईल’ नाही, नुसतं ‘येई’ आहे. म्हणजे तिथं ‘विल’ पण येत नाही. दोन चुका एका शब्दानं जातात. आणि आपण काय करतो? पोरगं शाळेत आलं की पहिल्यांदा त्याचं ‘येईस्तोर’ खेडवळ म्हणून काढून टाकतो, त्या जागी ‘जोपर्यंत-तोपर्यंत’ बसवतो, आणि मग त्या पुस्तकी वाक्यावरून त्याला इंग्रजीत उतरायला लावतो. नेमकं तिथंच ते पडतं.

मामा: थांब. प्रमाण मराठीतही ‘येईपर्यंत’ आहे. त्यातही ‘नाही’ येत नाही. मग खेड्यातला शब्द वर्गात आणायची काय गरज?

भाची: ‘येईपर्यंत’ चालेलच. पण गंगाखेडच्या पोराला विचारून तर बघा, न अडखळता तोंडातून काय येतं. जे अडखळत नाही त्यावर इंग्रजी उभं करायचं.

मामा: आणि उद्या मराठीच्या पेपरात ‘येईस्तोर’ लिहून आलं म्हणजे?

भाची: तिथं ‘येईपर्यंत’ लिहील. घरचं कुठं आणि कागदावरचं कुठं, एवढं पोरांना कळतं. आपणच त्यांना कमी समजतो.

इथं मध्येच माझं मत सांगतो, कारण मला या जागी भाचीची बाजू पटते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत यायचं. तोवर मुलाच्या हाती लिहायची मराठी नीट बसलेली असायची. आता सहा वर्षांचं मूल इंग्रजीला भेटतं तेव्हा त्याच्यापाशी फक्त घरची बोली असते. मग इंग्रजीचा पहिला आधार बोलीतच शोधला पाहिजे. मराठवाड्याच्या बोलीत तो आहे, हे ‘येईस्तोर’ स्वच्छ दाखवतं. शिक्षकांच्या हातात देण्याच्या पुस्तिकांमध्ये असे शब्द छापलेले मला बघायचे आहेत. मामांची भीती मात्र मी हलकी मानत नाही. त्यांची खरी काळजी पुढं आहे.

मामा: ‘नाही’चं झालं. माझा जीव खरा टांगलेला असतो तो ‘पर्यंत’वर. खरीप पीक विम्याची मुदत बहुतेक वर्षी 31 जुलै असते. सूचनेत दोन वाक्यं असतात असं धर. पोर्टल 31 जुलैपर्यंत सुरू राहील. अर्ज 31 जुलैपर्यंत भरा. मराठीत दोन्हीकडं ‘पर्यंत’. इंग्रजीत?

भाची: पहिल्यात ‘अंटिल’, दुसऱ्यात ‘बाय’.

मामा: का?

भाची: पोर्टल सुरू राहणं हे त्या तारखेपर्यंत चालू असलेलं काम आहे. अर्ज भरणं एकदाच होतं, त्या तारखेच्या आत कधीही.

मामा: बरोबर. राहणं, थांबणं, वाट बघणं, चालू असणं: तिथं ‘अंटिल’. संपवणं, पोचणं, देणं, भरणं: तिथं ‘बाय’. तुझे पोरं लिहितात, ‘आय विल फिनिश द वर्क अंटिल फ्रायडे.’ पुण्यातला साहेब गोंधळतो. आणि ‘आय विल वर्क ऑन इट अंटिल फ्रायडे’ असं लिहिलं, तर तो समजतो की शुक्रवारी हा काम सोडणार, मग झालेलं असो की नसो. पोराला म्हणायचं असतं, शुक्रवारी पुरं करून हातात देतो. इथं नोकरीवर बेतू शकतं.

भाची: इथं मी रेघ मारते, मामा. माझा हिशेब सोपा आहे. ऐकणारा वेगळं समजून वेगळं वागेल, अशी चूक सोडायची नाही. पण इथंही पोरांना मराठीतूनच नेते. मराठीत हा फरक नाही असं थोडंच आहे? ‘शुक्रवारपर्यंत करत राहीन’ आणि ‘शुक्रवारपर्यंत करून देईन’. फरक आहे, तो आपण क्रियापदात ठेवलाय. ‘करत राहीन’ असेल तर ‘अंटिल’, ‘करून देईन’ असेल तर ‘बाय’. ‘च्या आत’ म्हणून बघायचं. ‘शुक्रवारच्या आत’ म्हणता आलं, की ‘बाय’. जर्मन लोकांचं तर आपल्यासारखंच आहे. त्यांच्या एका ‘बिस’मध्ये दोन्ही येतं, म्हणून तेही इंग्रजीत हेच चुकतात.

मामा: ‘च्या आत’ची खूण चांगली आहे. ही वहीत लिहून घ्यायला लाव. आता शेवटच्या दिवसाचं सांग. ‘अंटिल 31 जुलै’ म्हणलं तर 31 तारीख धरायची का सोडायची?

भाची: सगळे धरतातच की.

मामा: बोलताना धरतात. कायद्याचा कागद लिहिणारे असं सोडत नाहीत. आपल्याकडच्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये कलम 9 आहे: ‘फ्रॉम’ म्हणलं की पहिला दिवस वगळायचा, ‘टू’ म्हणलं की शेवटचा दिवस धरायचा. कलम 10 म्हणतं, कचेरीत करायच्या कामाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी कचेरी बंद असली, तर ती उघडेल त्या दिवशी केलेलं काम वेळेतलंच. माणसाचा दिवस बुडू नये म्हणून हे सगळं लिहून ठेवलंय. तुझ्या पोरांना अर्ज लिहायला शिकव तेव्हा ‘ऑन ऑर बिफोर 31 जुलै’ लिहायला शिकव. शंकाच नको.

भाची: आणि हिंगोली? मी वर्गात वाक्य देते: ‘हिंगोली वॉज अ पार्ट ऑफ परभणी डिस्ट्रिक्ट अंटिल 1 मे 1999.’ तिथं 1 मे धरला तर चूक, कारण त्याच दिवशी नवा जिल्हा झाला.

मामा: चांगलं वाक्य आहे. तिथं 1 मे ही घटना आहे, तिच्यापाशी जुनी अवस्था संपली. विम्यात 31 जुलै हा दिवस आहे, तो दिवसभर चालू. ‘अंटिल’ला दोन्ही चालतं, म्हणूनच महत्त्वाच्या कागदावर त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहायचं नाही.

अंतराचा विषय त्यांनी फार ताणला नाही. ‘पूर्णेपर्यंत तिकीट काढ’ यात ‘अंटिल’ येत नाही, कारण पूर्णा जंक्शन हे ठिकाण आहे. तिथं ‘टू’ किंवा ‘ॲज फार ॲज’. पण ‘आय स्लेप्ट अंटिल पूर्णा’ चालतं, कारण तिथं पूर्णा येण्याची वेळ मोजलेली असते. ‘टिल’ आणि ‘अंटिल’ यांच्या अर्थात फरक नाही. ‘टिल’ हा काही ‘अंटिल’चा संक्षेप नव्हे, दोघांत तोच जुना आहे, फक्त त्याच्या शेवटी दोन ‘एल’ आणि ‘अंटिल’च्या शेवटी एक. मग दोघं त्या वाक्याकडं आले ज्यावर त्यांचं सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं.

भाची: मामा, ‘नॉट’ आणि ‘अंटिल’ एकत्र आले की काय होतं, हे शिकवायला मी मुक्तिसंग्रामाचं वाक्य घेते. ‘इंडिया बिकेम फ्री ऑन 15 ऑगस्ट 1947. परभणी डिड नॉट बिकम फ्री अंटिल 17 सप्टेंबर 1948.’

मामा: ‘नॉट’ पहिल्या भागात, ‘अंटिल’नंतर नाही. बरोबर. पोरं याचं मराठी काय करतात?

भाची: ‘परभणी 17 सप्टेंबर 1948 पर्यंत स्वतंत्र झाली नाही.’

मामा: चूक म्हणता येत नाही, पण अर्धंच आलं. हे मराठी वाक्य ऐकून पुढं काय झालं ते कळत नाही. झाली की नाही झाली? इंग्रजी वाक्य दोन्ही सांगतं: त्या दिवसाआधी नाही, आणि त्या दिवशी झाली.

भाची: म्हणून मी त्यांना ‘कुठं’ देते. ‘17 सप्टेंबर 1948 उजाडला तेव्हा कुठं परभणी स्वतंत्र झाली.’

मामा: हां. ‘तेव्हा कुठं’. ते तेरा महिने त्या ‘कुठं’मध्ये आले. दिल्लीत झेंडा फडकला तेव्हा इथं निजामाचंच राज्य होतं. झेंडा लावला म्हणून इथले लोक तुरुंगात गेले, रझाकारांच्या भीतीनं माणसं गाव सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली. देश स्वतंत्र झालेला आणि आपण नाही, असे ते दिवस. ‘पर्यंत झाली नाही’ म्हणलं की नुसती तारीख कळते. ‘तेव्हा कुठं’ म्हणलं की किती वाट बघितली ते कळतं. ‘नॉट अंटिल’मध्ये इंग्रजी हेच करतं. पोरांना हे सांग. व्याकरण म्हणून सांगितलं तर विसरतील, आपल्या जिल्ह्याचं म्हणून सांगितलं तर राहील.

भाची: विवेकानंदांचं ते वाक्य पण आहे, शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. ध्येय गाठण्याआधी थांबू नका असं सांगणारं. त्याच्या इंग्रजीत ‘नॉट’ एकदाच येतो, ‘टिल’च्या आधी. पोरं रोज त्याच्यासमोरून जातात.

मामा: आणि वर्गात येऊन ‘अंटिल’च्या पुढं ‘नॉट’ लावतात. त्यांना रोज भिंतीपाशी उभं करून वाचून घेतलं पाहिजे. आता सरळ सांग, पेपरात ‘अंटिल इट डज नॉट रेन’ आलं तर गुण कापायचे की नाही?

भाची: बोलण्याच्या परीक्षेत नाही. लेखी पेपरात, तुम्ही सांगितलेला उलटा अर्थ निघत असेल तर कापा. ‘जोपर्यंत’चा पट्टा एकदा समजावून दिल्यावर कापा, त्याआधी नको.

मामा: मी दोन्हीकडं कापणार. बोलण्यात अर्धा, लिहिण्यात पुरा. अर्धा गुण गेला की तो का गेला हे माणूस विचारायला येतो. मग कारण सांगता येतं.

भाची: विचारायला येणारी पोरं वेगळी, मामा. अर्धा गुण गेला की गप्प बसणारी वेगळी. माझ्याकडं दुसरी जास्त येतात.

मामा: त्यांच्यासाठी तू काय करणार?

भाची: सोमवारी फळ्यावर तीन ओळी लिहिणार. वर ‘पाऊस पडस्तोर पेरू नका’, खाली ‘पाऊस पडेपर्यंत पेरू नका’, त्याखाली ‘डू नॉट सो अंटिल इट रेन्स’.

मामा: ‘पडेपर्यंत’ वर लिही. ‘पडस्तोर’ नंतर.

भाची: नाही. ‘पडस्तोर’च वर राहणार. तिथून सुरुवात झाली तरच पोरं खालच्या ओळीपर्यंत येतील.

मामा: मग मी स्वतः वर्गाला येतो. माझं म्हणणं पोरांसमोर मांडतो.

भाची: या की. साडेपाचपर्यंत पोचा, वर्ग सातपर्यंत चालतो. दोन्हीचं इंग्रजी पोरांनाच विचारू.